क्रियापदाचे मूळ कसे शोधावे: इटालियन, पाली आणि सर्बो-क्रोएशियन

इटालियनमधले 'कुओचेरे', पालीतले 'पचति' आणि सर्बो-क्रोएशियनमधले 'पेचि' ही तिन्ही शिजवण्या-भाजण्याची क्रियापदे. तिन्ही एकाच धातूची आहेत, पण पाहून ते पटत नाही. उलट सर्बो-क्रोएशियन 'दाति' (देणे) आणि पाली 'ददाति' यांच्या शेवटचे '-ति' अगदी एक वाटते, आणि नेमके तेवढेच एक नाही. तिथे धातू एक आहे, प्रत्यय वेगळे आहेत. कानाला जे सारखे लागते त्यावर विसंबले की व्युत्पत्ती चुकते. म्हणून पुढची पद्धत ठरलेल्या क्रमाने वापरावी. पाली वाचणाऱ्या मराठी माणसाला ती विशेष सोपी जाते, कारण संस्कृत-प्राकृताचे निम्मे सामान आपल्या घरातच असते.

लिप्यंतराबद्दल आधी एक सूचना. सर्बो-क्रोएशियनमध्ये 'चहा'तल्या च-सारखे दोन उच्चार आहेत, एक कठोर आणि एक मृदू. इथे दोन्हींसाठी 'च' लिहिला आहे. 'चूल'मधल्या च-चा उच्चार त्या भाषेत वेगळे अक्षर आहे, तो इथे 'त्स' लिहिला आहे. तारांकित रूपे (*) म्हणजे कुठेही लिहिलेली न सापडलेली, तुलनेवरून सिद्ध केलेली आद्य भारोपीय, म्हणजे या सगळ्या भाषांच्या समान पूर्वज भाषेतली, रूपे.

शब्दकोशातले रूप ओळखा

तिन्ही भाषांचे कोश क्रियापद वेगवेगळ्या रूपात नोंदवतात. इटालियन कोशात '-आरे', '-एरे' किंवा '-इरे' अंताचे रूप मिळते. त्याच्या मागे लॅटिनमध्ये जाताना मात्र प्रथम पुरुष एकवचन शोधावे लागते, कारण लॅटिन कोश 'कोक्वेरे' या नावाने नोंद देत नाहीत, 'कोक्वो' (मी शिजवतो) या नावाने देतात. त्यापुढे आणखी तीन रूपे दिलेली असतात. त्यांतले शेवटचे, 'कोक्तुम', जरूर उतरवून घ्या. इटालियन भूतकालवाचक धातुसाधित बहुधा त्यातून आलेले असते: 'कोत्तो', शिजलेले.

पाली कोश तृतीय पुरुष एकवचनी वर्तमानकाळ देतात: पचति, गच्छति, सुणाति. पाली टेक्स्ट सोसायटीचा 1921 ते 1925 या काळात निघालेला कोश रोमन लिपीत असला तरी त्याचा वर्णक्रम आपलाच आहे: अ, आ, इ, ई आणि मग क, ख, ग. इंग्रजी कोशाच्या सवयीने तो चाळू नका. उपसर्ग लागलेले क्रियापद उपसर्गाच्या अक्षराखाली मिळते, म्हणजे 'निसीदति' हे 'न'खाली, 'स'खाली नव्हे.

सर्बो-क्रोएशियन कोशात '-ति' किंवा '-चि' अंताचे रूप असते. ते मुळात क्रियावाचक नामाचे रूप आहे, आपल्या 'गति', 'मति'सारख्या नामांच्या घराण्यातले. पालीचे '-ति' मात्र 'तो करतो' यातल्या 'तो'ची खूण आहे. त्यामुळे या दोन '-ति'ची जोडी लावणे कायमचे सोडून द्यावे. दुसरे असे की बोलीनुसार स्वर बदलतो. 'पाहणे' हे झाग्रेबच्या कोशात 'विद्येति', बेलग्रेडच्या कोशात 'विदेति'. एका रूपाखाली नोंद सापडली नाही तर दुसरे पाहा. लॅटिन लिपीतल्या कोशात 'ल्य' आणि 'न्य' ही स्वतंत्र अक्षरे असून ती अनुक्रमे 'ल' आणि 'न'चे सगळे शब्द संपल्यावर येतात. नवखा माणूस इथे हमखास अडतो.

क्रियापद सोला

आधी शेवटचा प्रत्यय काढा, मग उपसर्ग, मग धातूला चिकटलेली गणाची खूण. हा क्रम पाळावा.

सर्बो-क्रोएशियनमध्ये '-चि' अंताचे रूप धातूचे शेवटचे व्यंजन गिळून बसलेले असते. त्यावर खात्रीचा उपाय म्हणजे तृतीय पुरुष अनेकवचन. 'पेचि'चे 'पेकु' (ते भाजतात), म्हणून धातू 'पेक्'. 'मोचि' (शकणे) याचे 'मोगु', म्हणून धातू 'मोग्'. 'क्' आणि 'ग्' हे दोन्ही '-ति'ला भेटल्यावर एकाच 'चि'त विरघळले आहेत, आणि नुसत्या कोशातल्या रूपावरून ते वेगळे करता येत नाहीत. 'दोचि' (येणे), 'नाचि' (सापडणे), 'प्रोचि' (पार जाणे) हा तिसरा गट. ही 'इचि' (जाणे) या क्रियापदाची उपसर्गयुक्त रूपे आहेत, त्यांत क किंवा ग शोधू नये.

उपसर्ग काढताना संधी आठवा. 'पोत्पिसाति' (सही करणे) म्हणजे 'पोद' (खाली) अधिक 'पिसाति' (लिहिणे). पुढच्या 'प'मुळे द-चा त झाला. 'इस्पेचि' (भाजून पुरे करणे) म्हणजे 'इझ' अधिक 'पेचि'. पालीत हे आणखी घट्ट असते. स्वरापूर्वी 'पटि'चे 'पच्च', 'अति'चे 'अच्च', 'अधि'चे 'अज्झ' आणि 'अभि'चे 'अब्भ' होते. एवढी चार रूपे पाठ असली की 'पच्चवेक्खति' आणि 'अज्झुपेक्खति' यांची भीती जाते. पहिले पटि, अव आणि इक्खति. दुसरे अधि, उप आणि इक्खति. दोन्हींच्या तळाशी संस्कृत 'ईक्ष्' आहे, आणि दुसऱ्यात आपली 'उपेक्षा' स्पष्ट दिसते.

गणाची खूण म्हणजे वर्तमानकाळापुरते आलेले भरताड. 'सुणाति'मधले 'णा', 'जानाति'मधले 'ना' हे धातूचे नव्हे. सगळ्यात फसवणारा असतो धातूच्या पोटात शिरलेला अनुनासिक. तो ओळखायला भूतकालवाचक धातुसाधित जवळ ठेवा. इटालियन 'रोम्पेरे' (मोडणे) याचे धातुसाधित 'रोत्तो', त्यात 'म' नाही. पाली 'विलुम्पति' (लुटणे) याचे 'विलुत्त', त्यातही 'म' नाही. म्हणजे दोन्हीकडे 'म' पाहुणा आहे. तो काढल्यावर लॅटिन 'रुप्' आणि संस्कृत 'लुप्' समोरासमोर येतात, आणि हे दोन एकाच मुळाचे आहेत. आपले 'लुप्त' आणि 'लोप' त्याच 'लुप्'चे.

याच जोडीत आणखी एक गोष्ट लपली आहे, आणि ती मनात पक्की बसवण्यासारखी आहे. इटालियन आणि पाली या दोन भाषांनी एकमेकींचे तोंड न पाहता एकच काम केले: जोडाक्षरातले पहिले व्यंजन दुसऱ्यात मिसळून टाकले. लॅटिन 'सेप्तेम'चे इटालियनमध्ये 'सेत्ते', संस्कृत 'सप्त'चे पालीत 'सत्त'. लॅटिन 'फाक्तुम'चे 'फात्तो', संस्कृत 'भुक्त'चे 'भुत्त'. म्हणून या दोन भाषांत द्वित्त दिसले की ते उघडायचे. अडचण अशी की ते एकाहून अधिक प्रकारे उघडते. पाली 'सत्त' म्हणजे सप्त (सात), सत्त्व (प्राणी), सक्त (आसक्त) किंवा शप्त (शापित). यांपैकी कोणते, हे ध्वनिनियम सांगू शकत नाहीत. संदर्भच सांगतो. जी मंडळी पहिला सुचलेला संस्कृत शब्द लावून पुढे सरकतात त्यांची भाषांतरे इथेच बिघडतात.

वारसा की उसनवार?

धातू हाती आला तरी लगेच तुलनेला बसू नका. ते क्रियापद त्या भाषेत पिढीजात आले आहे की बाहेरून, हे आधी ठरवा. नियमित ध्वनिबदल फक्त पिढीजात शब्दांना लागू होतात.

इटालियनमध्ये आरंभीचा 'ग्व' हा मोठा इशारा आहे. 'ग्वार्दारे' (पाहणे) आणि 'ग्वादान्यारे' (कमावणे) ही लॅटिन नव्हेत, जर्मानिक आहेत. जर्मानिक शब्दारंभीच्या 'व'चा इथे 'ग्व' झाला. लॅटिनचेच पण पुस्तकातून नंतर आलेले शब्दही असतात. 'पेसारे' (वजन करणे) आणि 'पेन्सारे' (विचार करणे) ही दोन्ही लॅटिन 'पेन्सारे'ची, ज्याचा अर्थ तोलणे. बोलण्यातून उतरलेल्या रूपात 'न्स'चा 'स' झाला, विद्वानांनी उचललेल्या रूपात 'न्स' तसाच राहिला. आपल्याकडच्या तद्भव-तत्सम भेदासारखाच हा भेद आहे, आणि मराठी वाचकाने त्याच नावाने तो ध्यानात ठेवायला हरकत नाही.

सर्बो-क्रोएशियनमध्ये '-इराति' हा शेवट दिसला, उदाहरणार्थ 'तेलेफोनिराति', तर तो जर्मन वळणाचा प्रत्यय आहे. '-इसाति' असेल तर ग्रीक क्रियापदांमागून आलेले वळण. 'मिरिसाति' (वास घेणे, वास येणे) हे ग्रीकमधून आले आहे. त्याचा 'मिरिति'शी (शांत करणे) संबंध नाही, दिसायला सख्खे भाऊ असले तरी.

इथेच 'पगार' या शब्दाचा निकाल लावता येतो. इटालियन 'पागारे' म्हणजे पैसे चुकते करणे. मराठी 'पगार' त्याच्याइतका जवळ वाटतो तो योगायोग नाही, पण वारसाही नाही. पोर्तुगीज 'पागार' (चुकते करणे) आपल्या किनाऱ्यावर आले आणि नाम होऊन राहिले. पोर्तुगीज आणि इटालियन ही दोन्ही रूपे लॅटिन 'पाकारे'ची आहेत. त्याचा अर्थ शांत करणे, समाधान करणे. देणेकऱ्याने सावकाराला शांत केले की पैसे चुकते झाले, असा तो प्रवास. नोंद करताना 'पगार'पुढे 'पोर्तुगीजमार्गे उसना' असे लिहावे, 'इटालियनशी सजातीय' (एकाच मुळाचा) एवढेच लिहून थांबू नये.

मागे चालत जा, एकेका ध्वनीने

आता 'कुओचेरे', 'पचति', 'पेचि' यांच्याकडे या. आद्य रूप *पेक्व्. सर्बो-क्रोएशियन 'पेक्' सरळ आहे: 'प' टिकला, 'क्व'चा 'क' झाला. संस्कृत-पालीत 'ए'चा 'अ' झाला, पण तो बदलण्याआधी त्या 'ए'ने शेजारच्या 'क'ला 'च' करून ठेवले. म्हणून 'पचति', पण जिथे पुढे 'ए' नव्हता तिथे 'क' शाबूत: पाली 'पक्क', संस्कृत 'पाक'. लॅटिनमध्ये 'प' कुठे गेला? शब्दात पुढे 'क्व' असला की आरंभीचा 'प'ही 'क्व' होतो, हा लॅटिनचा नियम. *पेक्वो, मग *क्वेक्वो, मग 'कोक्वो'.

नियम मांडला की तो दुसऱ्या शब्दावर तपासायचा. ही पायरी गाळली तर बाकीची मेहनत वाया जाते. इथे तपासणी सोपी आहे: पाच हा आकडा घ्या. पाली 'पञ्च', सर्बो-क्रोएशियन 'पेत', पण लॅटिन 'क्विंक्वे' आणि इटालियन 'चिंक्वे'. तोच 'प', तसाच 'क्व' झालेला. दोन असंबद्ध शब्द एकाच नियमाने चालले, म्हणून नियम खरा धरता येतो.

आणखी एक खूण या तिघांत समान आहे. 'क' आणि 'च' यांची अदलाबदल प्रत्येक भाषेने घरातल्या घरात केली आहे: इटालियन 'कुओको' (आचारी) पण 'कुओचे' (तो शिजवतो), सर्बो-क्रोएशियन 'पेकु' पण 'पेचे', पाली 'पक्क' पण 'पचति'. मराठीत पक्व-पचन, पाक-पचणे. मराठी आणि पाली यांना हे एकाच घराण्यातून मिळाले, पण तिन्ही घराण्यांनी ते वेगवेगळ्या काळी केले. म्हणून 'च'ला 'च' जुळला याला पुरावा मानू नये. पुरावा आहे तो 'च'मागे प्रत्येक ठिकाणी 'क' निघतो, हा.

रोजच्या वापरासाठी आणखी काही जुळण्या. लॅटिन 'क' असेल तिथे पाली आणि सर्बो-क्रोएशियनमध्ये 'स' येऊ शकतो (संस्कृतात 'श'). लॅटिन 'ग्न'समोर पालीत 'ज' आणि सर्बो-क्रोएशियनमध्ये 'जहाज'मधल्या ज-चा उच्चार: कोग्नोस्केरे, जानाति, ज्नाति, इटालियनमध्ये 'कोनोशेरे', मराठीत 'जाणणे'. लॅटिन शब्दारंभीच्या 'फ'समोर पाली 'भ' आणि सर्बो-क्रोएशियन 'ब': 'फेर्रे', 'भरति', 'ब्राति' (वर्तमानात 'बेरेम'). अर्थ अनुक्रमे वाहून नेणे, वाहणे, फळे-फुले तोडणे. इटालियनमध्ये ते एकटे उरले नाही, 'प्रेफेरिरे' आणि 'ओफ्रिरे' अशा जोडांतच टिकले. मराठीत 'भरणे'. लॅटिन 'व'समोर कधी पाली 'ग' किंवा 'ज' येतो: 'वीवेरे' आणि 'जीवति', तसेच 'वेनीरे' (येणे) आणि 'गच्छति' (जाणे). शेवटच्या जोडीत धातू एक आणि दिशा उलट. त्यात काही बिघडलेले नाही, मूळ अर्थ पाऊल टाकण्याचा होता.

एका क्रियापदात दोन धातू

'जाणे' आणि 'असणे' ही क्रियापदे सोलताना रूपे एकमेकांशी जुळेनाशी होतात. तिथे जबरदस्ती करू नका. मराठीत 'जातो' हे 'या' धातूचे आणि 'गेला' हे 'गम्'चे, तसेच इतरत्रही आहे. इटालियनमध्ये 'वादो' (मी जातो) हे लॅटिन 'वादेरे'चे, पण 'आन्दियामो' (आपण जातो) वेगळ्याचे. सर्बो-क्रोएशियनमध्ये 'इदेम' (मी जातो) एका मुळाचे, 'इशाओ' (गेला) दुसऱ्याचे. 'असणे'त इटालियन 'सोनो' (मी आहे) आणि 'फुई' (मी होतो) यांचे धातू वेगळे, आणि 'स्तातो' हे धातुसाधित तर 'स्तारे' (उभे राहणे, राहणे) याच्याकडून घेतलेले. प्रत्येक धातूसाठी वेगळी नोंद करून परस्परांचा हवाला द्यावा.

पालीत 'दक्खति' (पाहतो) याकडे खास लक्ष द्या. संस्कृत भविष्यकाळ 'द्रक्ष्यति'पासून ते आले, पण बोलणाऱ्यांनी ते वर्तमान समजून वापरले, आणि मग त्याला नवा भविष्यकाळ केला: 'दक्खिस्सति'. रूप भविष्याचे म्हणून भाषांतर भविष्यात करायचे, अशी चूक इथे होते.

अर्थ वाक्यातून घ्या

मूळ सापडले की अर्थ सापडला असे वाटू लागते. तसे नसते. पाली 'पुच्छति' म्हणजे विचारणे. त्याच मुळाचे इटालियन 'प्रेगारे' म्हणजे प्रार्थना करणे, विनवणे. सर्बो-क्रोएशियन 'प्रोसिति' म्हणजे भीक मागणे किंवा मुलीला मागणी घालणे. 'प्रोस्याक' म्हणजे भिकारी. मराठी 'पुसणे' (विचारणे) 'पुच्छति'च्याच ओळीतले. चौघांत मागण्याचा धागा आहे. तरी 'पुच्छति'चे सर्बो-क्रोएशियन भाषांतर 'प्रोसिति' केले तर प्रश्न विचारणारा भिक्खू भीक मागू लागेल. तिथे 'पिताति' हवे, इटालियनमध्ये 'क्येदेरे' किंवा 'दोमान्दारे'.

उपसर्ग अर्थ किती फिरवतो ते 'सीदति'वर पाहा. एकटे असताना बुडणे, खचणे, 'निसीदति' बसणे, 'पसीदति' निवळणे, प्रसन्न होणे. विषाद आणि प्रसाद हे शब्द वापरणाऱ्याला हे चटकन कळते. 'जानाति'चा परिवारही असाच घरचा आहे: 'अवजानाति' अवज्ञा करणे, 'पटिजानाति' कबूल करणे, प्रतिज्ञा करणे, 'अनुजानाति' परवानगी देणे. सर्बो-क्रोएशियन 'ज्नाति'ही उपसर्गांनी असेच फिरते: 'साज्नाति' कळणे, 'प्रिज्नाति' मान्य करणे. पण घरचा शब्द धोकाही देतो. पाली 'वेदना' म्हणजे केवळ दुखणे नव्हे, सुखद संवेदनाही वेदनाच. पाली शब्द मराठीत ओळखीचा वाटला की कोश दुप्पट काळजीने उघडावा.

घटना आणि स्थिती यांतला फरकही नोंदवा. सुत्तांत (बुद्धाच्या उपदेशांत) वारंवार येते: 'एकमन्तं निसीदि', म्हणजे बाजूला बसला, आणि लगेच 'एकमन्तं निसिन्नो', बाजूला बसलेला. सर्बो-क्रोएशियनमध्ये पहिल्यासाठी 'स्येस्ति' लागते (बसण्याची क्रिया पुरी होणे), दुसऱ्यासाठी 'स्येदिति' (बसून असणे). इटालियन पहिल्यासाठी 'सेदेर्सि' वापरते, दुसऱ्यासाठी 'एस्सेरे सेदुतो'. तिन्हींचा धातू एकच, *सेद्. मराठी 'बसणे' मात्र 'उपविशति'च्या वाटेने आले, त्याला या रांगेत ओढू नका. सर्बो-क्रोएशियन क्रियापद नोंदवताना अशी पूर्ण-अपूर्ण जोडी एकत्रच लिहावी, एकटे क्रियापद अर्धीच माहिती देते.

नोंद कशी करावी

प्रत्येक क्रियापदाला एक पान द्या. वर कोशातले रूप, खाली वर्तमान, भूत आणि धातुसाधित, मग सोललेला धातू, मग वारसा की उसना, मग सजातीय रूपे, आणि शेवटी किमान दोन खरी वाक्ये, ज्यांतून अर्थ ठरला. सर्बो-क्रोएशियनसाठी पेतार स्कोक यांचा झाग्रेबला 1971 ते 1974 मध्ये निघालेला व्युत्पत्तिकोश घेतलात तर चौथ्या खंडापासून सुरुवात करा. तो सूचीचा आहे, आणि शब्द एकेका मुळाखाली गटाने मांडलेले असल्यामुळे सूचीवाचून ते हाती लागत नाहीत. इटालियनसाठी पियानिजियानी यांचा 1907 चा कोश इंटरनेटवर सहज मिळतो, पण तो जुना आहे. त्यातली व्युत्पत्ती नव्या कोशात पडताळल्याशिवाय लिहू नये. पाली ते मराठी हा टप्पा टर्नर यांच्या 1966 मध्ये पुऱ्या झालेल्या भारतीय-आर्य भाषांच्या तुलनात्मक कोशात पाहावा. तिथे संस्कृत रूपाखाली पाली, प्राकृत आणि मग मराठी-कोकणी अशी रांग असते: 'नृत्यति', 'नच्चति', 'नाचणे', 'उत्पद्यते', 'उप्पज्जति', 'उपजणे'.

वादग्रस्त मुळांपुढे तसे स्पष्ट लिहा. इटालियन 'आन्दारे'साठी लॅटिन 'आम्बुलारे' आणि अनुमानित 'आम्बितारे' असे दोन उमेदवार अनेक वर्षे मांडले जात आहेत. दोन्ही पानावर उतरवा, प्रत्येकापुढे कोणता ध्वनिबदल अडतो ते लिहा, आणि धातूची जागा मोकळी ठेवा.